भारतातील ख्रिस्ती ऐक्य चळवळ

भारतातील ख्रिस्ती ऐक्य चळवळ ही युरोप व अमेरिकेतून आलेल्या निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांना एका मंडळीत आणण्यासाठी प्रामुख्याने विसाव्या शतकात झालेली चळवळ होय. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास (आताचे चेन्नई) येथे स्थापन झालेली चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही तिची दोन प्रमुख फलिते होत. ही चळवळ धर्मशास्त्राच्या अभ्यासिकेत जन्मली नाही. सुवार्ताप्रसार करणाऱ्यांना गावोगाव आलेल्या अडचणींतून ती उभी राहिली. जे लोक ख्रिस्ताला एक म्हणतात तेच आपापसांत इतके विभागलेले का, या प्रश्नाला उत्तर देणे तिला भाग पडले.

संज्ञा

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एका गावातील उपासकांचा समुदाय म्हणजे मंडळी, आणि अशा सर्व समुदायांची मिळून झालेली संघटनाही मंडळीच. ‘सुवार्ता’ म्हणजे शुभवर्तमान. येशू ख्रिस्ताविषयीचा संदेश इतरांना सांगणे म्हणजे सुवार्ताप्रसार. सुवार्ताप्रसार आणि ऐक्य यांचा संबंध जोडताना ख्रिस्ती विचारवंत योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायाचा आधार घेतात. तेथे येशू आपल्या अनुयायांनी एक व्हावे अशी प्रार्थना करतो, आणि त्यांच्या ऐक्यामुळे जगाने विश्वास ठेवावा हा त्या प्रार्थनेचा हेतू सांगितला आहे. म्हणजे या विचारानुसार ऐक्य ही मंडळीची अंतर्गत सोय नव्हे. ती तिच्या साक्षीची अट आहे.

पार्श्वभूमी

भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास केरळातील सुरियानी मंडळ्यांपासून सुरू होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर रोमन कॅथलिक धर्मसंघ आले. प्रोटेस्टंट कार्याचा आरंभ १७०६ मध्ये त्रांकेबार (तरंगमबाडी) येथे बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग याच्या आगमनाने झाला. १८१३ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशात मिशनऱ्यांना येणे सुलभ झाले आणि एकोणिसाव्या शतकात अनेक मिशने भारतात आली. प्रत्येक मिशनने आपल्या मायदेशातील पंथाचे नाव, उपासनापद्धती व कारभाराची रीत बरोबर आणली.

या पंथांतील भेद ज्या वादांतून निर्माण झाले ते वाद इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी किंवा अमेरिका येथील होते. बिशप असावा की नसावा, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, मंडळीचा कारभार वडीलवर्गाने पाहावा की सर्व सभासदांनी, असे प्रश्न तेथे शतकानुशतके गाजले होते. भारतात नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला मात्र हे भेद वारशाने मिळाले; त्यांमागचा इतिहास त्याचा नव्हता.

क्षेत्रवाटप

एकाच गावात दोन मिशनांनी स्पर्धा करू नये म्हणून मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ पासून मुंबईत व १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे चालू होते. पुढे ते सोलापूर व साताऱ्याकडे पसरले. कोकण, मुंबई, पुणे, जालना व नागपूर येथे स्कॉटिश मिशनऱ्यांचे काम होते. नाशिक हे अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे प्रमुख केंद्र, तर कोल्हापूर परिसर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे होता.

या व्यवस्थेमुळे कलह टळले; पण तिचा एक विचित्र परिणाम झाला. माणसाचा पंथ त्याच्या श्रद्धेवर न ठरता त्याच्या गावावर ठरू लागला. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती काँग्रिगेशनल, नाशिककडचा अँग्लिकन आणि कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन झाला. रेल्वे, गिरण्या व सरकारी नोकऱ्या यांमुळे लोक स्थलांतर करू लागले, तेव्हा या वाटणीच्या मर्यादा उघड झाल्या. गाव सोडून मुंबईला आलेल्या कुटुंबाला तेथे आपल्या ‘पंथाची’ मंडळी असेलच याची खात्री नव्हती. दुसऱ्या पंथाच्या मंडळीत प्रभुभोजन घेता येईल की नाही, आपल्या पाळकाची दीक्षा तेथे ग्राह्य धरली जाईल की नाही, हे प्रश्न उभे राहिले. क्षेत्रवाटपाने शांतता दिली, ऐक्य दिले नाही.

याच काळात मिशनऱ्यांच्या दशवार्षिक परिषदा भरू लागल्या. अलाहाबाद (१८७२-७३), कलकत्ता (१८८२-८३), मुंबई (१८९२-९३) आणि मद्रास (१९०२) येथील परिषदांतून शिक्षण, वैद्यकीय सेवा, भाषांतर व साहित्यप्रकाशन या क्षेत्रांतील सहकार्य वाढले. बायबलच्या भाषांतराचे काम बायबल सोसायट्यांमार्फत पंथभेदापलीकडे चालत होते. परिणामी, एकत्र उपासना करू न शकणारे लोक एकच मराठी बायबल वाचत होते.

एडिनबर्ग परिषद आणि अझारिया

जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. जॉन आर. मॉट हे तिचे अध्यक्ष होते. सुमारे १,२०० प्रतिनिधींमध्ये आशियाई प्रतिनिधी अत्यल्प होते. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे प्रतिनिधी नव्हते. परिषदेच्या आठ अभ्यास-आयोगांपैकी शेवटचा आयोग सहकार्य व ऐक्य या विषयाला वाहिलेला होता. आधुनिक ऐक्य चळवळीचा आरंभ सामान्यतः या परिषदेपासून मानला जातो.

या परिषदेत तिरुनेलवेली भागातील वेदनायगम सॅम्युएल अझारिया (१८७४–१९४५) यांनी केलेले भाषण विशेष गाजले. मिशनऱ्यांचा त्याग व औदार्य मान्य करूनही भारतीय सहकाऱ्यांशी त्यांचे नाते बरोबरीच्या मैत्रीचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्या मैत्रीची मागणी केली. ऐक्याचा प्रश्न केवळ पंथापंथांतील नसून गोरा मिशनरी व भारतीय ख्रिस्ती यांच्यातीलही आहे, हे या भाषणाने दाखवून दिले.

अझारिया हे स्वतः सुवार्ताप्रसाराच्या कार्यातून पुढे आले होते. भारतीय माणसे, भारतीय पैसा व भारतीय नियंत्रण या तत्त्वावर १९०५ मध्ये सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. २९ डिसेंबर १९१२ रोजी त्यांना डोर्नकल येथील बिशपपदाची दीक्षा मिळाली. ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप होत.

एडिनबर्ग परिषदेनंतर मॉट यांनी भारताचा दौरा केला. त्यातून १९१४ मध्ये नॅशनल मिशनरी कौन्सिल स्थापन झाले. १९२३ मध्ये त्याचे रूपांतर नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलमध्ये झाले. आज नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

त्रांकेबारचे आवाहन

मे १९१९ मध्ये त्रांकेबार येथे अँग्लिकन मंडळी व साउथ इंडिया युनायटेड चर्च यांचे काही सेवक एकत्र आले. यांपैकी दुसरी मंडळी प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या एकीकरणातून १९०८ मध्ये बनली होती. जमलेल्या तेहतीस जणांत दोघे वगळता सर्व भारतीय होते. अझारिया व सँटियागो हे त्यांचे पुढारी. भारतातील सुवार्ताप्रसाराचे प्रचंड काम समोर असताना आपण न निर्माण केलेल्या विभागण्यांनी दुर्बळ झालो आहोत, असा त्यांच्या आवाहनाचा आशय होता.

एकीकरणासाठी चार गोष्टी आधारभूत मानण्यात आल्या: बायबल, प्राचीन विश्वासांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि ऐतिहासिक बिशपपद. १८८८ च्या लँबेथ परिषदेने मान्य केलेल्या चतुःसूत्रीवर हा आराखडा बेतलेला होता. प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या परंपरेने नेमलेल्या बिशपांची व्यवस्था म्हणजे ऐतिहासिक बिशपपद. हे चौथे सूत्रच पुढील अठ्ठावीस वर्षांच्या वाटाघाटींतील कळीचा मुद्दा ठरले. पुढे मेथडिस्टही चर्चेत सामील झाले.

आंबेडकरांचा प्रश्न

१९३५ मध्ये येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. अझारिया यांच्या चरित्रपर लेखनात त्यांच्यातील एक संवाद सांगितला जातो. आपले लोक आज निदान एक आहेत. ख्रिस्ती झाल्यावर ते पंथापंथांत वाटले जाणार नाहीत काय, आणि मंडळीत जातिभेद उरलेला नाही काय, असा आंबेडकरांच्या विचारण्याचा रोख होता. या प्रश्नाने आपण ओशाळलो, असे अझारिया पुढे सांगत असत.

या प्रश्नाची दोन्ही टोके खरी होती. एक पंथभेदाचे, दुसरे जातिभेदाचे. पंथभेद मिटवण्यासाठी समित्या नेमता येत होत्या. जातिभेदाला असा कोणताही मसुदा पुरेसा नव्हता. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्येच मंडळीतील जातिभेद नष्ट करण्याचा आदेश दिला होता. तरीही शंभर वर्षांनंतर हा प्रश्न जिवंत होता.

चर्च ऑफ साउथ इंडिया

दीर्घ वाटाघाटींनंतर १९४३ ते १९४६ या काळात तिन्ही पक्षांनी एकीकरणाची योजना स्वीकारली. स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. तिच्या सभासदांची संख्या सुमारे दहा लाख होती. अझारिया हा दिवस पाहू शकले नाहीत. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

बिशप असलेल्या व नसलेल्या परंपरा प्रथमच अशा प्रकारे एका मंडळीत आल्या. एकीकरणापूर्वी बिशपच्या हातून दीक्षा न मिळालेल्या पाळकांचे काय करायचे, हा सर्वांत कठीण प्रश्न होता. त्यांना पुन्हा दीक्षा द्यावी, तर त्यांची आजवरची सेवा अपुरी होती असे ठरते; न द्यावी, तर अँग्लिकनांची परंपरा मोडते. तोडगा असा काढण्यात आला की, जुन्या सर्व पाळकांना आहे तसे स्वीकारावे आणि यापुढील सर्व दीक्षा बिशपच्या हातून व्हाव्यात. कोणत्याही मंडळीवर तिच्या सदसद्विवेकाला न पटणारी उपासनापद्धती वा सेवक लादला जाणार नाही, असे अभिवचनही देण्यात आले.

हा मार्ग सर्वांना पटला नाही. १९४८ च्या लँबेथ परिषदेने नव्या मंडळीशी पूर्ण सहभागिता लगेच मान्य केली नाही. नंद्याळ भागातील अँग्लिकन मंडळ्या १९७५ पर्यंत बाहेर राहिल्या. दुसरीकडे, नव्या मंडळीच्या प्रभुभोजन-विधीने जगभर लक्ष वेधले. सुरियानी परंपरेतून घेतलेला, उपासकांनी हातात हात देऊन एकमेकांना शांती देण्याचा प्रघात त्यात होता. एकीकरणाच्या वेळी बिशप झालेल्यांपैकी लेस्ली न्यूबिगिन यांनी सुवार्ताप्रसार व ऐक्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हा विचार आपल्या लेखनातून मांडला. १९६१ मध्ये नवी दिल्ली येथील अधिवेशनात इंटरनॅशनल मिशनरी कौन्सिल हे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये विलीन झाले. मिशन आणि ऐक्य हे दोन प्रवाह भारताच्या भूमीवर अशा रीतीने एकत्र आले.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

उत्तर भारतात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया १९२४ मध्ये स्थापन झाली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. व्यापक एकीकरणाची बोलणी १९२९ पासून सुरू झाली आणि त्यांना फळ येण्यास चार दशके लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे पुढील सहा मंडळ्या एकत्र आल्या:

१. चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन (अँग्लिकन)
२. युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया
३. कौन्सिल ऑफ बॅप्टिस्ट चर्चेस इन नॉर्दर्न इंडिया
४. चर्च ऑफ द ब्रेदरेन इन इंडिया
५. ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परिषदांशी संलग्न मेथडिस्ट मंडळी
६. डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट

एरिक नासिर हे पहिले मॉडरेटर झाले. ऐक्य, साक्ष व सेवा हे मंडळीचे ब्रीद आहे.

दक्षिणेपेक्षा येथील प्रश्न अधिक गुंतागुंतीचे होते. बॅप्टिस्ट, ब्रेदरेन व डिसायपल्स या परंपरा सज्ञान व्यक्तीने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात. इतर परंपरा बालकांनाही देतात. दोन्ही पद्धती समान ग्राह्य मानण्याचा निर्णय घेण्यात आला. आईवडील आपल्या परंपरेनुसार बालकाचा बाप्तिस्मा करवू शकतात, किंवा त्याचे समर्पण करून पुढे त्याच्या स्वतःच्या कबुलीची वाट पाहू शकतात. पाळकांच्या बाबतीतही दक्षिणेहून वेगळी वाट निवडली गेली. सर्व परंपरांच्या सेवकांनी प्रार्थनापूर्वक परस्परांच्या मस्तकावर हात ठेवले आणि आपली सेवा एकत्र केली. कोणाची दीक्षा खरी व कोणाची अपुरी, याचा निवाडा त्या विधीत करण्यात आला नाही.

अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी वाटाघाटींत सहभागी होती. परंतु १९७० मध्ये अखेरच्या टप्प्यात तिने माघार घेतली. पुढे ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक शहरांत आजही दोन्ही मंडळ्या स्वतंत्रपणे आढळतात.

महाराष्ट्रातील वेगळे प्रयोग

संघटनात्मक एकीकरणाच्या आधीपासून महाराष्ट्रात पंथभेदाबद्दलची अस्वस्थता व्यक्त होत होती. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती पंथांच्या बहुलतेने व त्यांच्या परस्परविरोधी शिकवणुकीने आपण गोंधळून गेलो, असे त्यांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. केडगाव येथील त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाशी बांधलेले नव्हते.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज ही त्यामागील कल्पना होती. ती पंथांच्या एकीकरणाच्याही पुढे जाणारी होती. टिळकांच्या निधनामुळे हा प्रयोग फार टिकला नाही. त्यांच्या पद्यरचना मात्र पंथांच्या सीमा ओलांडून गेल्या. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्या विविध प्रोटेस्टंट मंडळ्यांत गायिल्या जातात. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानेही मराठी ख्रिस्ती समाजाला समान व्यासपीठ दिले.

रोमन कॅथलिक व सुरियानी मंडळ्यांशी संबंध

१९२८ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ऐक्यपरिषदांत भाग घेण्यास कॅथलिकांना मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) हे धोरण बदलले. नोव्हेंबर १९६४ मध्ये प्रसृत झालेल्या ऐक्यविषयक आदेशात ख्रिस्ती लोकांतील फूट ही सुवार्ताप्रसाराला बाधक असल्याचे मान्य करण्यात आले. त्यानंतर संयुक्त प्रार्थनासभा व सामाजिक कार्य यांना वाव मिळाला. प्रभुभोजनातील पूर्ण सहभागिता मात्र अद्याप साधलेली नाही.

केरळातील मार थोमा मंडळी हिच्याशी दोन्ही एकीकृत मंडळ्यांची पूर्ण सहभागिता आहे. १९७८ मध्ये तिन्ही मंडळ्यांची संयुक्त परिषद स्थापन झाली. येथे विलीनीकरणाऐवजी स्वतंत्र अस्तित्व राखून परस्परस्वीकार, हा मार्ग अवलंबण्यात आला.

वाद आणि मर्यादा

मालमत्तेचे प्रश्न. मंडळ्या एकत्र आल्या, तरी त्यांच्या जमिनी, शाळा व प्रार्थनामंदिरे वेगवेगळ्या नोंदणीकृत संस्था व विश्वस्त मंडळांच्या नावावर होती. गुजरातमधील ब्रेदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, विलीनीकरणाचा केवळ ठराव केल्याने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. श्रद्धेच्या दृष्टीने झालेले ऐक्य आणि कायद्याच्या दृष्टीने झालेले ऐक्य यांतील अंतर या निर्णयाने स्पष्ट केले.

जातिभेद. पंथ एकत्र आल्याने जातीच्या भिंती आपोआप पडल्या नाहीत. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी ऐक्याच्या चर्चेत पंथांना मिळालेले महत्त्व जातीला मिळाले नाही, अशी टीका केली आहे. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. या प्रश्नावर मात्र कॅथलिक व प्रोटेस्टंट मंडळ्यांनी संयुक्त भूमिका घेतली आहे.

सुवार्ताप्रसाराविषयीचा वाद. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याच्या अधिकाराचा समावेश होत नाही, असा निर्णय दिला. महात्मा गांधी यांनी सामुदायिक धर्मांतरांना विरोध केला होता आणि त्यावरून त्यांचे व अझारिया यांचे मतभेद होते. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनांच्या कार्यपद्धतीवर कडक टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी हा अहवाल एकांगी ठरवला.

बाहेर राहिलेल्या मंडळ्या. लुथरन, अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट व अनेक बॅप्टिस्ट मंडळ्या एकीकरणात नाहीत. पेंटेकोस्टल व स्वतंत्र मंडळ्यांचा प्रसार मुख्यतः या चळवळीच्या कक्षेबाहेर झाला. बायबलनिष्ठ गटांनी १९५१ मध्ये इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन करून संघटनात्मक विलीनीकरणाऐवजी प्रसारकार्यातील सहकार्यावर भर दिला.

महत्त्व

भारतातील एकीकरणे जगभरच्या ऐक्यप्रयत्नांत वारंवार उदाहरण म्हणून दिली जातात. बिशपपद मानणाऱ्या व न मानणाऱ्या परंपरा एकत्र नांदू शकतात, तसेच बाप्तिस्म्याच्या दोन पद्धती एका मंडळीत राहू शकतात, हे येथे प्रत्यक्षात दिसले. ज्या देशांत हे पंथ जन्मले, तेथे असे एकीकरण त्याआधी झाले नव्हते. मात्र या चळवळीचे मोजमाप केवळ १९४७ व १९७० च्या समारंभांवरून करता येत नाही. एखाद्या गावात निरनिराळ्या पंथांचे व जातींचे लोक एका पंक्तीला बसून प्रभुभोजन घेतात की नाही, हीच तिची खरी कसोटी असल्याचे तिचे पुरस्कर्ते व टीकाकार दोघेही मानतात. आंबेडकरांनी विचारलेल्या प्रश्नाचा पहिला भाग या चळवळीने बऱ्याच अंशी सोडवला. दुसरा भाग अद्याप मंडळ्यांपुढे उभा आहे.